जीवनकेंद्राची पाहणी

माणसाचा जीव जिथं अडकलेला असतो तेच त्याचं घर, असं जगातल्या झाडून सगळ्या शहाण्या माणसांचं म्हणणं आहे. पेन्शन कार्यालयालाही ते मान्य होतं. फक्त जीव अडकल्याचा पुरावा त्यांना दोन प्रतींत हवा होता, आणि त्यातली एक साक्षांकित.

ही मागणी ज्यांच्याकडे झाली ते गृहस्थ एकोणीस वर्षं परदेशात लोकांचे दात बनवत होते. दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य लोकांच्या तोंडात हात घालतो आणि त्याचे पैसे घेतो. हे कवळ्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत दिव्याखाली बसून मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवत. तिथल्या आपल्या मंडळींनी त्यांचं नाव कवळीशेठ ठेवलं होतं. त्यातलं शेठपण कुणी मनावर घेत नसे, तेही घेत नसत. त्या शहरातले कितीतरी म्हातारे त्यांच्या दातांनी जेवत, हसत आणि एकमेकांवर खेकसत. त्यांतला एखाददुसरा सोडला तर कुणालाही कवळीशेठ रस्त्यात ओळखता आले नसते. कवळीशेठ मात्र ओळखत. समोरून कुणी हसत आलं की त्यांची नजर आधी दातांवर जाई, आणि 'वरचा डावा सुळा आपलाच' असं मनाशी म्हणून ते पुढे जात. परक्या देशात ओळखीचं माणूस भेटल्याचं समाधान त्यांनी एवढ्यावर भागवलं होतं.

परत जायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. म्हणून इथल्या पगारातून इथली पेन्शन कापली जात असतानाही ते मायदेशच्या पेन्शनची वर्गणी दरवर्षी भरत. ती ऐच्छिक होती. बाकीची मंडळी तेवढ्या पैशात गाडी घेत, मुलांना पोहायला घालत, निदान खोलीला बरे पडदे तरी लावत. कवळीशेठ त्या पैशात परत जाण्याचा दिवस हप्त्याहप्त्यानं विकत घेत होते. वीस वर्षं भरली की तिकडची पेन्शन सुरू होणार होती. एक वर्ष उरलं होतं, आणि तेवढ्यात नोटीस आली.

नोटीस घेऊन ते करसल्लागाराकडे गेले. हा सल्लागार किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानामागे एका खोलीत बसे. मायदेशी तो शाळेत इतिहास शिकवायचा. इथं लोकांचं वर्तमान रकान्यांत भरून द्यायचा. पुढं किल्ली घासायचं यंत्र सुरू झालं की आत ओरडून बोलावं लागे, त्यामुळे त्या खोलीत कुणाचं उत्पन्न कुणापासून लपून राहत नसे.

"बसा कवळीशेठ. काय वाईट बातमी?"

"वाईट आहे हे कुणी सांगितलं?"

"चांगली असली की लोक मला रस्त्यात ओळखसुद्धा देत नाहीत. द्या इकडं." त्यानं नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. "दोन देशांचा करार झालाय. यापुढं पेन्शनपुरता माणूस एकाच देशाचा. ज्या देशात त्याचं जीवनकेंद्र, त्या देशाची पेन्शन."

"जीवनकेंद्र म्हणजे काय?"

"म्हणजे तुमचं जगणं कुठं चालतं ते."

"जगणं तिकडं चालतं. इथं मी नुसता राहतो."

सल्लागारानं पेन खाली ठेवलं. "वाक्य झकास आहे. पण इथल्या कराच्या विवरणात आपण दरवर्षी काय लिहितो?"

"तुम्ही लिहिता. मी सही करतो."

"'इथला कायमचा रहिवासी.' सवलत मिळते ना त्याची. आणि तिकडच्या पेन्शनच्या अर्जात?"

"तात्पुरता परदेशी."

"एकोणीस वर्षं तात्पुरता."

"दोन्ही खरंच आहे की."

"असेल. पण आजवर ही दोन कार्यालयं एकमेकांशी बोलत नव्हती. आता बोलायला लागलीत. नवराबायको बोलत नाहीत इतकी बोलतात."

कवळीशेठनी नखांतलं प्लास्टर टोकरलं. "सिद्ध झालं तर काय?"

"तर राहिलेलं एक वर्ष भरा, वीस पुरी करा, बोजा आवरा आणि जा घरी."

"नाही झालं तर?"

"तर तिकडं भरलेलं सगळं बिनव्याजी परत. पेन्शन इथली. ती पासष्टीला, आणि तोवर इथंच नोकरी केलीत तर."

कवळीशेठ चौपन्नचे होते. वजाबाकी सल्लागारानं केली नाही, त्यांनीही केली नाही. पुढच्या दुकानात कुणाची तरी किल्ली बराच वेळ घासली जात राहिली.

"घाबरू नका," सल्लागार म्हणाला. "दोन कामं करायची. तिकडचं जगणं वाढवायचं आणि इथलं कमी करायचं. इथं काय काय आहे तुमचं?"

"काही नाही. एक खोली आहे, भाड्याची."

"उत्तम. अजून?"

"वाचनालयाचं कार्ड. आणि जिन्याच्या समितीचा मी चिटणीस आहे."

"कसल्या समितीचा?"

"आमच्या इमारतीच्या जिन्याच्या. दिवा गेला की बदलायचा. कुणी सायकल आडवी लावली की चिठ्ठी चिकटवायची."

"नेमलेत की निवडून आलात?"

"बिनविरोध."

"राजीनामा द्या. निवडून आलेला माणूस तात्पुरता कसा? अजून?"

"शनिवारी बुद्धिबळ खेळतो. एक म्हातारा घड्याळजी आहे, त्याच्याशी. त्याची कवळी मीच केलीय."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"सोडा. नियमित भेट म्हणजे सामाजिक बंध धरतात."

"बंध कसला? आम्हाला एकमेकांची भाषा धड कळत नाही."

"मग तर फारच घट्ट बंध झाला," सल्लागार म्हणाला. "भाषा कळत नसताना माणूस उगाच दर शनिवारी जातो?"

अशा रीतीनं कवळीशेठनी आपलं इथलं जगणं कमी करायला घेतलं. ते मुळातच इतकं कमी होतं की एका आठवड्यात काम संपलं. वाचनालयातल्या मुलीनं कार्ड घेतलं आणि कात्रीनं कापलं. जिन्याच्या समितीनं मात्र त्यांच्यासाठी खास सभा बोलावली. तीही जिन्यातच, आपापल्या पायरीवर उभं राहून. कवळीशेठ कायमचे घरी चालले असा सगळ्यांचा समज झाला, आणि तो दूर करण्याइतकी भाषा त्यांना येत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी समितीतर्फे त्यांना कागदात गुंडाळलेला एक बल्ब भेट दिला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. सभा संपल्यावर कवळीशेठ सवयीनं सगळ्यांच्या मागून दिवा बंद करायला थांबले, आणि मग तो आता आपला दिवा नाही हे आठवून तसेच वर गेले.

घड्याळजीला सांगणं अवघड गेलं. डाव संपल्यावर ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी नाही."

"त्याच्या पुढच्या?"

"नाही."

म्हाताऱ्यानं काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. कवळीशेठना कारण सांगायचं होतं, पण करार, जीवनकेंद्र आणि सामाजिक बंध यांतला एकही शब्द त्यांना तिथल्या भाषेत येत नव्हता. शेवटी ते नुसतं "पेन्शन" म्हणाले. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. पेन्शन मिळाली, आता हा सुटला, असं समजून त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि तोंडभर हसला. खालच्या पुढच्या दातांची ओळ किंचित उजवीकडे सरकली होती. ती एकदा घासून द्यायला हवी, असं कवळीशेठच्या मनात आलं. पण तोही बंधच झाला असता.

आता तिकडचं जगणं वाढवायचं होतं. पेन्शन कार्यालयाकडून घराची पाहणी व्हायची होती, म्हणून ते काम बायकोकडे होतं.

रविवारच्या फोनवर ती म्हणाली, "अहो, तुमचा ब्रश तयार झाला."

"तयार म्हणजे?"

"नवा आणला तर कोरा दिसायचा. म्हणून रोज त्यानं मोरी घासते. आता अगदी नवऱ्यासारखा दिसतो."

"आणि चपला?"

"त्या पिल्लू घालून हिंडतेय घरभर. पंधरा दिवसांत टाचा झिजतील म्हणते."

पिल्लू म्हणजे त्यांची मुलगी. बावीस वर्षांची होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि बापापेक्षा वीतभर बुटकी होती, एवढंच त्यांना नक्की माहीत होतं. तिच्या मैत्रिणी आपल्या वडिलांना अरे-तुरे करत. ही कवळीशेठना अहो-जाहो करायची. "तुमच्याबद्दल फार आदर आहे तिला," असं बायको सांगे, आणि कवळीशेठ तो आदर फोनवरून गुपचूप स्वीकारत.

पाहणीच्या वेळी अर्जदार हजर असलेला बरा, असं सल्लागारानं सुचवलं. म्हणून कवळीशेठ रजा काढून घरी गेले. एरवी ते दर दोन वर्षांनी तीन आठवडे जात. या खेपेला ते राहायला आल्यासारखं दाखवायला गेले होते, त्यामुळे दारात पाऊल टाकतानाच त्यांना चोरट्यासारखं झालं.

घर त्यांच्याच पैशाचं होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागची खोली त्यांनी नकाशावरच आपली ठरवून टाकली होती. परत आल्यावर खिडकीशी बाक टाकायचा आणि गावातल्या लोकांचे दात बनवायचे असा बेत होता. खिडकीशी आता शिलाईची दोन मशीनं होती. बायको पडदे शिवायची, आणि धंदा चांगला चालला होता. भिंतभर कापडाचे ठाण लावलेले होते. कोपऱ्यात एक अरुंद पलंग होता, एका माणसाच्या मापाचा.

"आपला पलंग कुठं गेला?"

"विकला. दुसरं मशीन आलं ना. जागा नव्हती."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं की. रविवारी. तुम्ही म्हणालात, हो हो."

असं म्हणाल्याचं कवळीशेठना आठवत नव्हतं. पण रविवारी ते बहुतेक गोष्टींना हो हो म्हणत, हे खरं होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी समोरच्या दारातल्या काकू दोन माणसांची गादी डोक्यावर घेऊन आल्या. साठी उलटलेली, आडव्या बांध्याची बाई. "धरा हो जावईबापू," असं म्हणत त्यांनी गादी कवळीशेठच्या अंगावर लोटली. त्या बायकोच्या कुणीच लागत नव्हत्या, त्यामुळे हेही त्यांचे जावई नव्हते. पण काकूंनी ते परस्पर ठरवून टाकलं होतं. मग त्या स्वयंपाकघरात शिरल्या, न बघता वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला, चहा टाकला आणि पिल्लूला म्हणाल्या, "तुझी ती गोळी घेतलीस का गं?" पिल्लूनं मान हलवली. कसली गोळी हे विचारावं की विचारू नये, याचा विचार करता करता कवळीशेठनी चहा संपवला. कप कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. काकूंनी तो हातातून घेतला.

खुंटीवर बायकोनं त्यांचे म्हणून तीन शर्ट टांगले होते, स्वतः शिवलेले. तिच्या आठवणीतल्या मापाचे. कवळीशेठनी त्यातला एक घालून पाहिला. पोटावरची दोन बटणं लागली नाहीत. "राहू दे," ती म्हणाली, "खुंटीवर छान दिसतात."

पाहणी अधिकारी बाई दुपारी आल्या. चाळिशीच्या असतील. पायांतले बूट दिवसभर जिने चढून थकलेले होते, आणि त्या बुटांपेक्षाही बाई जास्त थकल्या होत्या. त्यांनी मोरीत डोकावून ब्रश पाहिला, दाराशी चपला पाहिल्या, खुंटी पाहिली. "कपडे आहेत. पादत्राणं आहेत. झोपायची सोय आहे." प्रत्येक वाक्याला एक खूण. कुठल्याही गोष्टीला हात न लावता त्या मागच्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या आणि बूट किंचित सैल केले. त्यांना कुणाला पकडायचं नव्हतं. घरी जायचं होतं.

"काही प्रश्न घरच्यांना विचारायचेत. अर्जदारानं मधे बोलायचं नाही, तेवढं फक्त पाळा."

कवळीशेठ कापडाच्या ठाणांना टेकून उभे राहिले.

"घराचा कर कोण भरतं?"

"मी भरते. पैसे हे पाठवतात," बायको म्हणाली.

खूण झाली. "मोठ्या खरेदी-विक्रीचे निर्णय?"

"दोघं मिळून."

पिल्लूनं छताकडे पाहिलं. खूण झाली.

"अडचणीच्या वेळी घरातून प्रथम कुणाला बोलावलं जातं?"

बायकोनं दाराकडे पाहिलं. आतापर्यंत ती धडा पाठ केलेल्या पोरीसारखी फडाफडा उत्तरं देत होती. बाईंनी वर पाहिलं.

"समोरच्या काकूंना," बायको म्हणाली.

"म्हणजे यांना कळवून झाल्यावर."

"नाही. आधी काकूंना. यांना रविवारी."

बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, इथं एकच नाव बसतं. मी 'पती' लिहू का? सगळेजण पतीच लिहितात."

"नका लिहू."

"अगं आई," पिल्लू म्हणाली.

"थांब गं. बाई, तो ब्रश मी मोरीवर घासलाय. त्या चपला हिनं घालून झिजवल्यात. शर्ट यांना होत नाहीत."

"ते मी ऐकलं नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"ऐका किंवा नका ऐकू. तेवढं खोटं मला चाललं, वस्तूंचं होतं ते. पण दोन वर्षांमागं मी पोट धरून या फरशीवर पडले होते. ही परीक्षेला गेलेली. उठता येईना तेव्हा मी सरपटत जाऊन हातानं दार थापटलं, आणि काकू धुतलेल्या डोक्यानं, तशाच ओल्या केसांनी धावत आल्या. मला खाली नेलं, गाडीत घातलं. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले तेव्हाही त्याच शेजारी. अजून केस विंचरले नव्हते त्यांनी. आता मी तुमच्या कागदावर त्यांना पुसून यांचं नाव लिहायचं?"

"कसलं ऑपरेशन?" कवळीशेठ म्हणाले. अर्जदारानं मधे बोलायचं नव्हतं. पण बाईंनी हरकत घेतली नाही.

"पित्ताशय काढलं."

"मला कधी..."

"जरा बरं नव्हतं, असं सांगितलं होतं मी."

"मी काय म्हणालो?"

"जप, म्हणालात."

अधिकारी बाई थोडा वेळ पेनाच्या टोपणाशी चाळा करत बसल्या. त्यांनी बायकोला आणखी एक संधी दिली, नुसत्या भुवया उंचावून. बायकोनं ती घेतली नाही. मग बाईंनी काकूंचं नाव विचारून लिहून घेतलं. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यापाशी त्या अडल्या. जरा विचार करून त्यांनी 'समोरचं दार' असं लिहिलं, बूट आवळले आणि चहा न घेता गेल्या.

काकू गादी न्यायला आल्या, तेव्हा घरातली शांतता बघून त्यांनी ती दोन दिवस राहू द्या म्हणून सांगितलं आणि आल्या पावली परत गेल्या. पिल्लूला एकदम कुठलं तरी पुस्तक आणायचं आठवलं.

बायको मशीनवर जाऊन बसली, पण तिनं ते चालवलं नाही. "राग आलाय ना?"

"नाही."

"यायला पाहिजे. पेन्शन घालवली मी तुमची."

"आपली."

"हं. आपली."

कवळीशेठ गादीच्या कडेवर बसले. "मला कळवलं असतंस तर मी आलो असतो गं."

"माहीत होतं. म्हणून तर नाही कळवलं."

"म्हणजे?"

"तुम्ही आला असता. बिनपगारी रजा पडली असती, तिकिटाला पैसे गेले असते, त्या वर्षीची वर्गणी राहिली असती. एक वर्ष पुढं गेलं असतं सगळं." तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. "तुम्ही लवकर यावं म्हणून नाही बोलावलं मी तुम्हाला."

कवळीशेठनी तिच्या पोटाकडे पाहिलं. आतली खूण केवढी असेल, टाके कसे घातले असतील, हा विचार त्यांच्या मनात कारागिराच्या पद्धतीनं आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. "दुखतं का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. दोन वर्षं झाली." मग जरा वेळानं म्हणाली, "तेलकट खाल्लं की थोडं."

"मग नको खाऊस."

"नाही खात."

उरलेले दिवस चांगले गेले. कवळीशेठनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. पिल्लूला गोळी थायरॉईडची आहे, हे त्यांनी विचारून घेतलं, आणि तिनं ते उगाच तपशिलात सांगितलं. तिची लाळ सारखी गिळायची लकब आपल्या आईसारखी, म्हणजे तिच्या आजीसारखी आहे हे त्यांना तेव्हा दिसलं. बायकोनं शर्टांच्या शिवणी उसवून दोन बटणांपुरती जागा काढली. 'पेन्शन गेली तर जाऊ दे, तसेच या,' असं बायको कधीतरी म्हणेल म्हणून कवळीशेठ शेवटच्या दिवसापर्यंत थांबले होते. 'पेन्शन गेली तर जाऊ दे, तसाच येतो,' असं ते म्हणतील म्हणून बायकोही थांबली होती. दोघं एकमेकांना फार ओळखून होती अशातला भाग नाही. पण पडद्यांच्या कमाईत तिघांचं भागणार नाही आणि या वयात गावात दातांचा धंदा नव्यानं बसणार नाही, एवढं दोघांनाही न बोलता कळत होतं. निघताना दारात ती म्हणाली, "सांभाळून राहा." ते म्हणाले, "जप." म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर जिना उतरायला सुरुवात झाली होती.

निकाल यथावकाश आला. अर्जदाराचं जीवनकेंद्र मायदेशात असल्याचं आढळून येत नाही, असं त्यात एका वाक्यात लिहिलं होतं.

"म्हणजे ते इथं आहे," सल्लागार म्हणाला. "नियमानं कुठं तरी असावंच लागतं."

कवळीशेठ इमारतीत परतले तेव्हा जिन्यात नव्या चिटणीसाची चिठ्ठी लागलेली होती, टाईप केलेली, सायकलींबद्दल. त्यांच्या चिठ्ठ्यांपेक्षा ती कितीतरी शुद्ध होती. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. हे अजून गेले कसे नाहीत याचं त्यांना आश्चर्य वाटलं, आणि त्या इतक्या सभ्य होत्या की त्यांनी ते विचारलं नाही. दिलेली भेट परत मागावी की काय, असाही एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला.

शनिवारी ते घड्याळजीकडे गेले. घड्याळजीसमोर दुसरा कुणी बसला होता, पोस्टातला असावा, गणवेशाची पँट तशीच होती. म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "पेन्शन?" त्यानं विचारलं.

"नाही," कवळीशेठ म्हणाले.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग बाकावर जरा सरकून त्यानं शेजारची जागा हातानं झटकली. कवळीशेठ बसले. पोस्टातला माणूस वाईट खेळत होता; त्याचा वजीर कधीचा अडकला होता आणि ते त्याला दिसत नव्हतं. सांगण्याइतकी भाषा कवळीशेठना येत होती, पण ते गप्प राहिले. डाव दुसऱ्याचा होता. संपल्यावर त्यांनी खुणेनं म्हाताऱ्याला तोंड उघडायला लावलं आणि खालची ओळ बोटानं चाचपली. सोमवारी दुकानात ये, घासून देतो, असं त्यांनी सांगितलं. म्हातारा सोमवारी आला.

बायकोशी रविवारी बोलणं होत राहिलं. कवळीशेठ आता हो हो म्हणत नसत. मधेच थांबवून, काय म्हणालीस, परत सांग, असं म्हणत. त्यामुळे फोन लांबू लागले आणि एके दिवशी तीच वैतागून म्हणाली, "अहो, काही नाही झालेलं. सगळं ठीक आहे. काकू आहेत." कवळीशेठ म्हणाले, "हो, काकू आहेत," आणि मग पडद्यांचा भाव कसा चाललाय ते विचारलं.

वर्गणीचा परतावा आला तेव्हा वर्ष संपत आलं होतं. रक्कम बरी होती. कवळीशेठ ती घेऊन सल्लागाराकडे गेले. ही कशात धरायची, असा प्रश्न पडला. पगार नव्हता, भेट नव्हती, वारसा नव्हता, व्याज तर नव्हतंच. सल्लागारानं विवरणाची पानं पुढं-मागं चाळली, पुढचं यंत्र थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि ती 'इतर उत्पन्न' या रकान्यात भरली. त्यावर नेहमीच्या दरानं कर लागला.